आठवा खांदा

हाल समूद, माल्टा
५ नोव्हेंबर १९६१

प्रिय इंद्री,

पाकिटावर मी 'दुन इंद्री' लिहिलंय, म्हणजे पत्र पाद्रीसाहेबांचं आहे हे पोस्टमनला कळेल. आत मात्र तुला तूच म्हणणार. ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला 'आपण' म्हणायला जीभ वळत नाही. रागावलास तर रागाव, तसाही रागावलेलाच आहेस.

घरी सगळं ठीक. बाबांना थोडा खोकला आहे, दर हिवाळ्यात असतो तसा. गोदीत चाळीस वर्षं गंज आणि धूर खाल्ल्यावर छातीत काय गुलाब फुलणार? गुरुवारी, सर्व मृतांच्या दिवशी, मी आईच्या कबरीवर जाऊन आले. दगड घासला, दिवा लावला. बाबा आले नाहीत, चढ चढवत नाही म्हणाले. 'शेजारची माझी जागा बघून ये,' एवढं मात्र सांगितलं, जणू बाजारात मासळी आलीय का ते बघून यायला सांगत होते.

ऑगस्टमधल्या त्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नव्हते, पण लिहिते. तू म्हणालास, 'ज्या टेबलावर तो पेपर आहे तिथे मी जेवणार नाही.' बाबांनी पेपरची घडी घातली, ताटाखाली सरकवली आणि जेवत राहिले. मला वाटलं, आता तू हसशील. पूर्वीचा इंद्री हसला असता. तू टोपी उचललीस आणि तुझ्या गोझो बेटाची बोट गाठलीस. सशाचं कालवण तुझ्यासाठी केलं होतं, ते आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्लं. असो. तेव्हापासून आपल्या दारातून तो पेपर आत आलेला नाही, हे मी तुला शपथेवर सांगते.

गेल्या रविवारी आपल्या चर्चमध्ये दुन अँजलूंनी वरून, बिशपांकडून, आलेलं फर्मान वाचून दाखवलं. मजुरांच्या पक्षाचा पेपर वाचणं पाप, विकणं पाप, फेब्रुवारीत त्यांना मत देणं तर महापाप. आणि ज्याला पश्चात्ताप नाही त्याला क्षमा नाही, प्रसाद नाही, पवित्र मातीत जागा नाही. तुमच्याकडेही हेच वाचलं असेल. कदाचित तूच वाचलं असशील. दुन अँजलूंचा आवाज घोगरा झाला होता. तुझा कसा होता?

मिस्सा संपल्यावर त्यांनी, गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत 'पडलेल्या प्रभू'ची मूर्ती वाहणाऱ्या आठ खांदेकऱ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. चार मजुरांचे, चार समोरच्या पक्षाचे, हे साऱ्या गावाला पाठ आहे. मजुरांच्या चौघांनी गुड फ्रायडेचे पांढरे झगे परत करावेत, असं ते म्हणाले. बोलला तो जानमरी. तो त्या बाजूचा कट्टर, पण बाबांचा जोडीदार. पुढचं उजवं टोक त्याचं, डावं बाबांचं. तो म्हणाला, 'दुन अँजलू, मूर्ती आधीच पडलेल्या प्रभूची आहे. चौघांवर नेलीत तर तो बिचारा दुसऱ्यांदा पडेल, आणि या खेपेला आपल्या गावाच्या नावावर.'

झगे कुणी परत केले नाहीत. जानमरी संध्याकाळी नेहमीसारखा आला, आणि दोघं नेहमीसारखे भांडले. 'तुझे पुढारी आम्हाला रशियाच्या दावणीला बांधतील.' 'आणि तुझे? ते स्वतःच जमीनदारांच्या दावणीचा चारा खातायत.' 'खातायत तर खातायत, देवाचं नाव घेऊन खातायत!' मग दोघांनी पावावर टोमॅटो चोळून, तेल ओतून खाल्लं. देवाचं नाव बाबांनीच घेतलं.

नाताळला येशील ना?

तुझी बहीण,
मेना

१७ डिसेंबर १९६१

प्रिय इंद्री,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद पडतात.

परवा चौकात मजुरांची सभा होती. वक्त्याने तोंड उघडलं आणि चर्चच्या घंटा सुरू झाल्या. सगळ्या. ती मोठीसुद्धा, जी आपण लहानपणी फक्त ईस्टरला आणि कुणी गेलं की ऐकायचो. समोरच्या गच्चीवरून पोरं शिट्ट्या फुंकत होती. सभा संपेपर्यंत घंटा थांबल्या नाहीत. बाबा आतल्या खोलीत आडवे होते. त्यांनी विचारलं, 'कोण गेलं गं?' मी म्हटलं, 'कुणी नाही बाबा, सभा चालू आहे.' ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, 'अगं, एवढी घंटा तर तुझ्या आईलाही वाजली नव्हती.'

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर दारावर डांबराचा काळा क्रूस. मी घासला. रॉकेल लावून घासला. पुसट झाला, पण गेला नाही. आपल्या गल्लीत अशी तीन दारं आहेत. आपल्या लोकांचे हात असे काही काढू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. काढणाऱ्याने क्रूस मात्र अगदी सरळ, नीट काढलाय. कुणीतरी शाळेत धर्मशिक्षणात चांगले गुण मिळवले असणार.

आणखी एक गोष्ट. वेदीची वस्त्रं धुवायला, खळ घालून इस्त्री करायला इतकी वर्षं आपल्याकडे यायची, आधी आईकडे, मग माझ्याकडे. या महिन्यात आली नाहीत. विचारायला गेले तर दुन अँजलू म्हणाले, 'मेना, सध्या दुसरीकडे देतोय, तुला जरा विश्रांती.' माझ्याकडे बघत नव्हते. भला माणूस आहे रे. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून जमत नाही त्यांना.

रस्त्यात आता माणसं आधी बघतात की आपल्याला कोण बघतंय, आणि मग नमस्कार करतात. बेकरीत बाया बोलत असतात, मी आत शिरले की पावाचा भाव विचारायला लागतात. पंचवीस वर्षं शेजारी बसून जपमाळ ओढलेल्या बाया. मला भीती वाटते, इंद्री. कशाची ते नीट सांगता येत नाही.

बाबा ठीक आहेत. नाताळला ये. पेपर टेबलावर नसेल. ताटाखालीही नसेल, मी स्वतः बघेन.

मेना

२१ जानेवारी १९६२

आदरणीय दुन इंद्री,

आपलं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. आज्ञाधारकतेबद्दल आपण जे लिहिलंत ते मी बाबांना वाचून दाखवलं. मेंढपाळ आणि मेंढरांचा दाखलाही वाचला. बाबा म्हणाले, 'छान लिहितो. सेमिनरीत घातलेलं वाया गेलं नाही.' पत्राच्या शेवटी आपण 'ख्रिस्तात आपला' असं लिहिलं आहे. ख्रिस्तात आहात हे कळलं. भाऊ म्हणून सध्या कुठे राहता, तो पत्ताही कळवलात तर बरं होईल.

नाही, मला नाही जमत हे. इंद्री, ऐक.

दारातून पेपर येत नाही ही शपथ खरी आहे. तो शेजारच्या लोंझाच्या गच्चीवरून येतो, तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून, अंड्यांच्या टोपलीत खाली. आणि बाबांचे डोळे वर्षभर अधू आहेत, तेव्हा तो वाचून कोण दाखवतं ते तूच ओळख. हो, मी. आधी नुसतं वाचायचे. आता पटतंही. मी पापाची कबुली द्यायला जात नाही. प्रसादाच्या वेळी बाकी बाया उठतात आणि माझ्या गुडघ्यांना वळसा घालून रांगेला लागतात. मी बसून राहते आणि समोरच्या बाकावरच्या रेघा बघते. हे मी तुला लिहिणार नव्हते.

आणि खोकला थोडा नाहीये. रुमालात रक्त येतं. डॉक्टर म्हणाला, ईस्टर पाहतील असं वाटत नाही.

बाबांना एकच गोष्ट हवी आहे, आईच्या शेजारची जागा. बाकी त्यांनी आयुष्यात काही मागितलं असेल तर मला आठवत नाही. पण पश्चात्तापाशिवाय गेले तर ती मिळणार नाही. कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे तो जो तुकडा आहे ना, जिथे बाप्तिस्मा न झालेली बाळं आणि तो वाहून आलेला अनोळखी खलाशी पुरलाय, त्याला लोक आता उघड उघड 'उकिरडा' म्हणतात. डिसेंबरात शेजारच्या गावात एकाला तिथे टाकला. टाकला असंच म्हणतात, पुरला म्हणत नाहीत.

आपल्याकडची रीत तुला सांगायला नको. आठांतला एक गेला की उरलेले सात त्याला मूर्तीच्याच दांड्यांवर नेतात, आणि त्याच्या रिकाम्या टोकाला त्याचा मोठा मुलगा लागतो. आपल्या घरात मोठाही तूच आणि धाकटाही तूच. बाबांचा पाय मोडला होता तेव्हा अठराव्या वर्षी तू त्या टोकाला लागला होतास, आणि जानमरी म्हणाला होता, 'पोराचा खांदा बापाच्या खांद्याला बेतून शिवलाय.' तेव्हा बाबा खिडकीत बसून रडले होते, पायामुळे नव्हे.

तूच मला शिकवलंस की मरणाऱ्या माणसाला कुठलाही पाद्री क्षमा देऊ शकतो. मग ये. दुन अँजलूंना बाबांचे ओठ हलताना बघायचे असतील तर बघू देत. तुला बाबा काहीतरी बोलतील, तुझ्यापुरतं. तेवढ्यात भागव. वर काय सांगायचं ते तू ठरव, तुम्ही शिकलेली माणसं शब्द नीट लावता. मला माझा बाप आईजवळ हवा आहे. बाकी कुणाचं राज्य येतं आणि कुणाचं जातं त्याचं मला काही पडलेलं नाही.

पडलेलं आहे. पण त्याच्यापेक्षा कमी.

मेना

२० फेब्रुवारी १९६२

इंद्री,

मतदान झालं. निकाल तुला कळेलच. मजुरांचं काही खरं नाही असं सगळे म्हणतात. घंटा कुणासाठी वाजणार हे आधीपासून ठरलेलं आहे.

बाबांना मत द्यायचंच होतं. उठून बसवत नव्हतं, तरी सकाळपासून बूट घालून पलंगावर. आपल्या बाजूचे तिघं आले, म्हणाले खुर्चीत घालून नेतो. खुर्ची उचलली तर चौथा कोपरा लटपटायला लागला. तेवढ्यात दारात जानमरी, छातीवर त्याच्या पक्षाचा बिल्ला. तिघं थांबले. जानमरी म्हणाला, 'बघताय काय? सवय आहे मला या थेरड्याच्या शेजारी वजन उचलायची. आज तोच वजन झालाय एवढंच.' आणि चौथा कोपरा धरला.

शाळेपर्यंत सगळा रस्ता बघत होता. वाटेत जानमरी म्हणाला, 'विस्तिन, माझ्या पक्षाला मत देतोस का? नाहीतर इथेच सोडतो.' बाबांना बोलताना धाप लागत होती, तरी म्हणाले, 'सोड ना. सांग लोकांना की मजुराला उचलणाऱ्या चौघांत तू एकटाच कच्चा निघालास.' इंद्री, मी हसले. रस्त्यात उभी राहून हसले, खिडक्यांतून बाया बघत असताना. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू! मग माझ्या लक्षात आलं की आमच्याशिवाय कुणीच हसत नव्हतं.

मी कुणाला मत दिलं ते तू विचारू नकोस. विचारलंस तर सांगावं लागेल.

काल दुन अँजलू आले. अखेरच्या संस्काराच्या पवित्र तेलाची कुपी खिशात घेऊनच आले होते. खिशावर हात ठेवला होता, जसं एखादा अंडं फुटू नये म्हणून धरतो. मी बाहेर थांबले, पण दार काही मी नीट लावलं नव्हतं. ते म्हणाले, 'विस्तिन, एक शब्द. चुकलो एवढंच म्हण. मोठ्याने नको, मान हलवलीस तरी चालेल. मी वर सांगेन.'

बाबा म्हणाले, 'कशाबद्दल चुकलो?'

'तुला माहीत आहे कशाबद्दल.'

'बायकोला एकदा हात उगारला होता, त्याबद्दल चुकलो. गोदीत एका इंग्रजाच्या जेवणाच्या डब्यात थुंकलो होतो, त्याबद्दल चुकलो. पोराला जेवणावरून उठू दिला, धरून बसवला नाही, त्याबद्दल चुकलो. एवढ्यांची क्षमा दे.'

'मताबद्दल, विस्तिन.'

'तीस वर्षं प्रभूला खांद्यावर घेतला, दुन अँजलू. त्याने एकदाही विचारलं नाही मी कुणाचा.'

दुन अँजलू बाहेर आले तेव्हा हात अजून खिशावर होता. कुपी उघडलेली नव्हती. मला म्हणाले, 'मेना, इंद्रीला लिही. मुलगा म्हणून ये म्हणावं. माझ्याच्याने होत नाही.' तुला बाप्तिस्मा देणारा माणूस ओट्यावर बसून रडला, मी त्याला पाणी दिलं. जाताना दारावरच्या त्या पुसट क्रूसाला त्यांनी सवयीने हात लावला आणि कपाळाला नेला. तो कशाचा आहे हे लक्षात आल्यावर हात झग्याला पुसला.

बोटी सुरू आहेत. मी बंदरावर विचारून आले.

मेना

११ मार्च १९६२

दुन इंद्री,

तुझी तार मिळाली. 'प्रार्थना करीत आहे. येण्यास परवानगी नाही.' परवानगी मागितली होतीस का, ते तारेत लिहिलेलं नाही. शब्दांना पैसे पडतात हे खरं.

बाबा बुधवारी गेले, राखेच्या बुधवारी. कपाळाला राख लावायलाही कुणी आलं नाही. शेवटी तुझं नाव घेतलं असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण घेतलं नाही. पाणी मागितलं. मी पाजलं.

घंटा वाजली नाही. सभेला वाजणारी घंटा गप्प होती. मूर्तीचे दांडे चर्चच्या खोलीत कुलपात. दुन अँजलूंनी दिले नाहीत. पुरण्याच्या आदल्या संध्याकाळी ते समोरच्या पक्षाच्या चारही खांदेकऱ्यांच्या घरी जाऊन आले होते. जो विस्तिनला खांदा देईल त्याने उघडपणे आज्ञा मोडली असं धरलं जाईल, असं सांगून. जानमरीच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. वेदीसमोर नाही, मागच्या खोलीत लावावं लागेल, फुलांशिवाय, बाजाशिवाय. त्याची बायको तेरेझ रडून रडून म्हणत होती, 'मेलेल्यासाठी जिवंत पोरीचं वाटोळं करणार का तुम्ही?' तिचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येत होता. आणि ती चूक होती असं मला आजही म्हणवत नाही.

सकाळी आपले तिघं आले. अंगणात उभे राहिले. त्यांच्याने उचलवणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आम्ही वाट बघत होतो, पण कशाची ते कुणी बोलत नव्हतं. पेटी ठोकून झाली होती. लोंझाच्या कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

मग गल्लीच्या तोंडाशी जानमरी दिसला. गुड फ्रायडेचा पांढरा झगा घातलेला, खांद्यावर त्याच्या घोडागाडीचे दोन्ही दांडे. त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा, सगळे पांढऱ्या झग्यात. आपले तिघं घरी गेले आणि आपापले झगे घालून आले. परत न केलेले झगे.

सात झाले. पुढचं डावं टोक रिकामं. जानमरीने मला विचारलं, 'इंद्री?' मी तार पुढे केली. त्याला वाचता येत नाही. त्याने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, जसा सुतार लाकूड बघतो, आणि म्हणाला, 'तुम्ही घरचे सगळेच ताडमाड. ये, मेना.'

बाईने कधी खांदा दिल्याचं या गावात कुणी पाहिलं नाही. आता पाहिलं. बाबांचा झगा मला पायघोळही झाला नाही आणि आखूडही. दांडा हाडावर बसतो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधारी येते हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. सगळ्या खिडक्या बंद होत्या. आतून माणसं बघत होती, झडपांच्या फटींतून श्वास ऐकू येत होते. पाठीमागून जानमरीच्या चुलतभावाचा, त्या चौघांतल्याच एकाचा, आवाज आला, 'मजुरांनो, पाय टाका की, मेल्यांनो, तुमचाच आहे हा!' आणि आपल्यातला एक म्हणाला, 'आता तुमचाही झाला, गप्प चाल.'

कबरस्तानाचं फाटक बंद होतं. आत दुन अँजलू उभे होते, किल्ली हातात, टोपी काढलेली. जानमरी ओरडला, 'दम!' आणि आम्ही थांबलो. तिथून आईचा दगड दिसतो, तुला माहीत आहे. आम्ही उभे राहिलो. दुन अँजलूंचे ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत होते की थंडीने कापत होते, मला सांगता येणार नाही. हातातली किल्ली मात्र हलली नाही. मग जानमरी म्हणाला, 'चला,' आणि आम्ही भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो.

ती माती फार कडक आहे. खलाशाच्या शेजारी आहेत ते. आईपासून मध्ये भिंत, एवढंच.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. चिडले असते तर बरं झालं असतं.

मेना

८ एप्रिल १९६२

इंद्री,

तुला लिहिणार नव्हते. पण काल दुन अँजलू आले आणि त्यांच्या तोंडून मला ऐकावं लागलं, म्हणून लिहिते.

आधी इकडचं सांगते. त्या चौघांनाही क्षमा नाकारली. जानमरीच्या मुलीचं लग्न मागच्या खोलीत होणार हे पक्कं झालं. मुलाकडचे अजून हो म्हणतायत, पण आवाज बारीक झालाय. तेरेझ माझ्या घरासमोरून जाताना थुंकायची. आता थुंकत नाही, नुसती थांबते आणि जाते. रविवारी सातही जण चर्चच्या पायऱ्यांवर बसतात. आत जाता येत नाही असं नाही, पण जात नाहीत. मिस्सा बाहेरूनच ऐकतात. भांडणं मात्र चालूच. निकालावरून गेल्या रविवारी एवढी जुंपली की आतून दरवाजा लावून घ्यावा लागला. मीही तिथेच बसते. आठवा खांदा माझा आहे म्हणे आता, त्यांनी मला न विचारता ठरवलं.

गावाला हे भोवणार असं सगळे कुजबुजतात. कुठे विहिरीचं पाणी खारट झालं, कुठे वासरू मेलं, की आमच्याकडे बघतात.

तर गुड फ्रायडे. 'पडलेल्या प्रभू'ला खांदेकरी नाही. दुन अँजलूंनी गावातल्या तरुणांना विचारलं. कुणाची उंची जुळत नाही, कुणाची आई सोडत नाही, आणि काहींनी तर तोंडावर सांगितलं की जानमरीचं टोक आम्ही धरणार नाही. म्हणून वरून आठ तरुण पाद्री येणार आहेत. आणि पुढच्या डाव्या टोकाला त्यांतलेच गोझोचे दुन इंद्री. तू हो म्हणालास, असं ते म्हणाले. लगेच म्हणालास, असंही म्हणाले.

म्हणजे या खेपेला परवानगी मिळाली.

मी ते ऐकून घेतलं आणि त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर मी जमिनीवर बसले आणि ओरडले, इंद्री. शब्द नव्हते त्यात. लोंझा भिंतीवरून डोकावली. ज्या खांद्यावर बाप घ्यायला तुला मनाई होती, त्याच खांद्यावर तू लाकूड घेऊन आमच्या दारावरून जाणार. जा बाबा. आम्ही रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून असू. प्रभूला आम्ही टाकलेलं नाही.

पण एक गोष्ट तुला कळवायला हवी, आणि ती कळवायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तू एकदाच लागला होतास, आणि त्या वर्षी पाऊस होता म्हणून मिरवणूक अर्ध्यातून परतली. विहिरीजवळच्या उताराचं वळण तुला माहीत नाही. तिथे दगड झिजून गुळगुळीत झालेत. वळताना सगळी मूर्ती पुढच्या डाव्या टोकावर येते. बाबा तिथे पाय आडवा टाकायचे आणि जानमरी उजवीकडून दांडा वर उचलून धरायचा, एका हाताने बाबांचा पट्टा पकडून. तीस वर्षांत ते दोघं त्यावर एक शब्द बोलले नाहीत. ते आठ पाद्री एकमेकांना ओळखतही नाहीत, असं दुन अँजलू म्हणाले. कुणाची उंची कुणाशी जुळत नाही. पुस्तकं उचलणारे खांदे.

काल संध्याकाळी सातही जण आमच्या अंगणात बसले होते. त्यांना मी तुझं सांगितलं. मग आपल्यातला एक म्हणाला, 'त्या वळणावर उभे राहू. बघू प्रभू काय करतो.' हे त्याने ज्या आवाजात म्हटलं तो मला आवडला नाही. समोरच्या पक्षाचा एक म्हणाला, 'हात लावायचा नाही. हात लावला तर म्हणतील की विटाळला.' आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सातांचं एकमत झालं. दोन्ही पक्षांचं. जानमरी खाली बघत होता.

मी उठले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, 'मूर्ती पडली तर पडू दे. लाकूड आहे, सुतार आहेत. माझ्या भावाला धरा.'

कुणी हो म्हटलं नाही. जानमरीने टोपी घातली, आपले गाडीचे दांडे भिंतीपासून उचलले आणि गेला. बाकीचे एकेक करून त्याच्यामागे गेले.

वळणावर पाय आडवा टाक. डावा.

मेना